वळणावरचा हॉर्न

डोळ्यांचा डॉक्टर चार महिन्यांतून एकदा येणार, बरोबर बाराला नावनोंदणीची खिडकी बंद करणार, आणि नेमक्या त्याच दिवशी मालकाला ओळखीचं जोडपं आठवणार. भोंगेरावांच्या नशिबात सरळ रस्ता असा कधी नव्हताच. नकाशात नव्हता आणि आयुष्यातही नव्हता.

"जातोच आहेस तर त्या दोघांना तळ्याच्या धक्क्यावर सोड," मालक फोनवर म्हणाला. "काल धुक्यामुळे त्यांची बोट चुकली. तुझ्या वाटेवरच आहे ना?"

वाटेवर होतं, हे खरं. पण 'जातोच आहेस तर' म्हणून सांगितलेलं काम आजपर्यंत कधी वाटेवर राहिलं आहे? भोंगेराव "सोडतो" म्हणाले. एका दिवसाची रजा आणि वर मिनीबस, एवढं पदरात पडलं होतं. मागच्या वेळी डॉक्टर आला तेव्हा आईनं "शाल अर्धी राहिलीये" म्हणून यायचं नाकारलं होतं. त्याच्या आधीच्या वेळी मालकानं रजा नाकारली होती. ही तिसरी खेप. औषधं घेऊन वस्तीवर जाणाऱ्या नर्सनं दोनदा फोन करून बजावलं होतं, "मोतीबिंदू आहे आईंना. आता उशीर केलात तर डॉक्टरही काही करू शकणार नाहीत."

हिशेब साधा होता. साडेसहाला डोंगरगावातून निघायचं, सव्वासातला तळ्यावर, सव्वाआठला वस्तीवर. आईला घ्यायचं, साडेदहाला परत डोंगरगावच्या दवाखान्यात. बाराच्या आत दीड तास हातात. बायकोनं डब्यात दोघांपुरतं बांधून दिलं आणि दारातच म्हणाली, "आज तरी चिडू नका त्यांच्यावर." भोंगेराव म्हणाले, "मी कधी चिडतो?" बायकोनं डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून बसवलं.

जोडप्यानं पहिल्याच घाटमाथ्यावर गाडी थांबवायला लावली. खाली पहिलं तळं दिसत होतं. नवऱ्याला धुक्यासकट फोटो हवा होता, बायकोला धुकं हटल्यावरचा. दोघांचंही समाधान करायचं म्हणजे धुकं हटेपर्यंत थांबणं आलं. पुढच्या वळणावर बाईंना मळमळायला लागलं. त्याच्या पुढच्या वळणावर बरं वाटायला लागलं आणि त्या आनंदात आणखी एक फोटो झाला. नवऱ्यानं मागून विचारलं, "ड्रायव्हर, इथली माणसं रोज हे बघून कंटाळत नाहीत का हो?"

"बघायला वेळ मिळाला तर कंटाळतील," भोंगेराव म्हणाले. ते विनोद समजून दोघं खूप हसले.

धक्क्यावर त्यांना उतरवलं तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. उतरताना नवऱ्यानं पाठीवर थाप मारून "सुंदर प्रवास" म्हटलं. भोंगेरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण एकोणीस वर्षांची सवय. हसून मान डोलावली आणि गाडी वर काढली.

या रस्त्यावर ते एकोणीस वर्षं गाडी चालवत होते. कंपनीच्या कागदावर छापलं होतं, 'एका दिवसात सात तळी, दोन डोंगरगावं आणि जिथे काळ थांबला आहे अशी एक वस्ती'. ती वस्ती म्हणजे भोंगेरावांचं गाव. तिथंच ते जन्मले, सतराव्या वर्षी डोंगर उतरून खाली आले, आधी बस धुतल्या, मग बसची चाकं बदलली, मग बस चालवली. वस्तीत काळ थांबला होता की नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिथं चार मोटरसायकली होत्या, घराघरावर डिशच्या थाळ्या होत्या, आणि पुढारी म्हणवणारा चुलतभाऊ वर्षभर एकाच निळ्या स्वेटरात वावरायचा. काळाला थांबवायचं असेल तर आधी हॉर्न मारावा लागायचा.

ही युक्ती भोंगेरावांचीच. पहिल्या वर्षी गाडी अर्धा तास लवकर पोचली आणि पाहुण्यांनी काय पाहिलं, तर पुढारी छपरावर चढून डिश फिरवतोय आणि खालून सगळी वस्ती "अजून थोडी डावीकडे" म्हणून ओरडतेय. पाहुण्यांनी मालकाला पत्र लिहिलं. मालकानं भोंगेरावांना बोलावून झापलं. तेव्हा हे म्हणाले, "वस्तीच्या अलीकडे एक किलोमीटरवर वळण आहे. तिथून मी हॉर्न मारत जाईन. दोन छोटे, एक लांब." झालं. तेव्हापासून दोन छोटे आणि एक लांब ऐकला की मोटरसायकलींवर ताडपत्री पडायची, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आत जायच्या, स्वेटरावरून काळे घोळदार झगे चढायचे, लाल पट्टे बांधले जायचे, बायकांच्या डोक्यावर चांदीच्या चकत्यांच्या टोप्या यायच्या. गाडी मुद्दाम गोगलगाईच्या चालीनं यायची. परत जाताना त्याच वळणावरून नुसता एक लांब हॉर्न द्यायचा. तो ऐकला की झगे खुंटीला आणि टीव्ही सुरू. याच भोंग्यापायी त्यांचं खरं नाव सगळे विसरले. पुढे वय वाढलं तसे भोंग्याचे भोंगेराव झाले, एवढीच काय ती बढती.

दुसरा नियम पाहुण्यांबरोबर येणाऱ्या गाइडबाईंनी घातला होता. एकदा आईनं सगळ्यांदेखत भोंगेरावांच्या हातात चहाचा कप दिला होता आणि त्यांनी सवयीनं "आई, साखर कमी" म्हटलं होतं. एका पाहुण्याच्या कानावर ते पडलं. मग 'ही बाई तर ड्रायव्हरची आई आहे, सगळं नाटक आहे' असं पुन्हा एक पत्र. गाइडबाई म्हणाल्या, "तुम्ही वस्तीत कुणाशी बोलू नका. गाडीपाशी उभे राहा." तेव्हापासून ते गाडीपाशी उभे राहायचे. तिथून आईच्या ओसरीपर्यंत पन्नास पावलं होती. आई मागावर बसलेली असायची, काळा झगा, डोक्यावर चकत्या, हात सराईतपणे चाललेले. आधी ती पाहुण्यांची नजर चुकवून इकडे मान हलवायची. गेली काही वर्षं तेही नाही. भोंगेरावांना वाटायचं, चला, म्हातारी नियम पाळायला शिकली.

आठवड्यातून तीन दिवस ते आईला असं बघायचे. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की गाडी बंद, तेव्हा दोन-चार दिवस घरी राहून यायचे. घरात आई चुलीपाशी असायची. अंधाऱ्या त्या घरात कुठला डबा कुठे आहे ते तिला चाळीस वर्षं पाठ होतं. नर्सनं फोन केला तेव्हा ते मनातून म्हणाले होते, मोतीबिंदू कुणाला होत नाही? फोनवर आईला विचारलं तर ती म्हणाली, "दिसतं मला सगळं. तू तुझी गाडी नीट चालव."

तर असे चरफडत, घड्याळ बघत, मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत भोंगेराव वळणापाशी आले. नऊ वाजून बारा मिनिटं. एका हातात चाक, डोक्यात बाराची खिडकी. आणि दुसऱ्या हातानं एकोणीस वर्षं जे केलं तेच केलं. दोन छोटे, एक लांब.

वाजवून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. गाडीत कुणी नव्हतं. आज फेरी नव्हती. त्यांनी कपाळावर हात मारला, पण हॉर्न काही परत घेता येत नाही.

वस्तीच्या अंगणात गाडी शिरली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. मोटरसायकली ताडपत्रीखाली. पुढारी झगा घालून, काठी टेकून, डोळे दूर क्षितिजावर लावून उभा. झग्याच्या गळ्यातून निळा स्वेटर दिसत होता. शेजारची काकू ओल्या केसांवर टोपी दाबून बसली होती आणि केसांतून पाणी खांद्यावर गळत होतं. गाडीचं दार उघडलं, एकटे भोंगेराव उतरले, आणि सगळे दाराकडे बघत राहिले.

"पाहुणे कुठायत?" पुढाऱ्यानं ओठ न हलवता विचारलं.

"नाहीत. चुकून वाजला."

"चुकून?" काकू उभी राहिली. "अरे, मी न्हाणीतून उठून आले. डोळ्यांत साबण आहे माझ्या अजून."

"माझा भात लागला चुलीवर," आतून कुणीतरी म्हणालं.

"काकू, मागून माफी मागतो. आईला दवाखान्यात न्यायचंय, बाराच्या आत. आई कुठे आहे?"

"कुठे असणार? हॉर्न ऐकून मागावर बसलीये," पुढारी म्हणाला आणि झग्याच्या बाहीनं घाम पुसायला लागला.

भोंगेराव ओसरीकडे गेले. पन्नास पावलं. या वेशातल्या आईच्या इतक्या जवळ ते कित्येक वर्षांत गेले नव्हते. रागानं तोंड भरलेलं होतं, आता काय काय ऐकवायचं ते वाटेत ठरवून झालं होतं. आईसमोर जाऊन उभे राहिले. आईनं मान वर केली. त्यांच्याकडे बघून हसली. ते हसू त्यांच्या ओळखीचं होतं, पण त्यांच्यासाठी ते कधीच नव्हतं. मग तिनं मांडीवरची शाल दोन्ही हातांनी पुढे धरली आणि पाहुण्यांच्या भाषेत पाठ केलेली तीन वाक्यं म्हणाली. सुस्वागतम. ही शाल मी विणली आहे. हात लावून पाहा.

ठरवलेलं सगळं बोलणं जागच्या जागी विरलं.

"आई," ते म्हणाले. "मी आहे."

आईचं हसू क्षणात गेलं. तिनं शाल मांडीवर ओढून घेतली आणि दबक्या आवाजात खेकसली, "तू इथे काय करतोयस? जा गाडीपाशी. पाहुणे बघतील ना."

"पाहुणे नाहीत आई. मी तुला न्यायला आलोय. डॉक्टर आलाय."

"हॉर्न वाजला. मी ऐकला."

"चुकून वाजवला मी."

"एकोणीस वर्षांत कधी चुकला नाहीस, आज बरा चुकलास. मला डॉक्टरकडे न्यायला काहीही सांगशील तू. गाडी जाईपर्यंत मी उठायची नाही. नियम तूच घातलास."

"अगं, बघ ना अंगणात. आहे का कुणी?"

आईनं अंगणाकडे तोंड वळवलं. थोडा वेळ बघितल्यासारखं केलं. "तो काय, उभा आहे ना एकजण. टोपीवाला. उंच आहे चांगला."

भोंगेरावांनी मागे पाहिलं. कपडे वाळत घालायचा खांब होता. खांबावर कुणीतरी बादली पालथी घातली होती.

भोंगेराव पुन्हा आईकडे वळले. खाली मागाकडे पाहिलं. आईची बोटं मधेमधे एक एक दोरा चाचपून मोजत होती, मग धोटा सरकत होता. लांबून ते सराईत दिसायचं. कोपऱ्यात विणलेल्या भागात एका ठिकाणी लाल पट्टा हिरव्यावर चढला होता आणि तसाच वीतभर पुढे गेला होता. पाहुण्यांना ते कळलं नसेल. त्यांना तेही जुन्या काळचं वाटलं असेल. किती दिवस चाललं होतं हे? आईनं ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि त्यांनी तरी कधी विचारलं होतं?

घड्याळात साडेनऊ वाजले होते. इथे चिडून उपयोग नव्हता आणि रडायला वेळ नव्हता. भोंगेराव तरातरा गाडीकडे गेले आणि जाणाऱ्या गाडीचा एक लांब हॉर्न दिला. काकूनं सुटकेचा श्वास सोडून पट्टा सोडला. आई जागची हलली नाही.

ते परत ओसरीवर आले. "गेली गाडी. ऊठ आता."

"हा अंगणातला हॉर्न," आई म्हणाली. "वळणावरचा नाही. मला काय बहिरी समजलास?"

पुढारी मागे उभा होता. हसू दाबायचा प्रयत्न करत म्हणाला, "भाऊ, जा वळणावर. आमचं ती ऐकत नाही, तुझं काय ऐकणार?"

आपण एवढे अक्कलवान नसतो तर बरं झालं असतं, असं मनाशी म्हणत भोंगेराव गाडीत बसले. रिकामी मिनीबस एक किलोमीटर वळणापर्यंत नेली. एक लांब हॉर्न मारला. वळणावर गाडी वळवायला जागा नाही, म्हणून तीच गाडी उलटी, एका बाजूला दरी आणि एका बाजूला कडा, मान मोडेपर्यंत मागे वळून, इंचाइंचानं वस्तीपर्यंत आणली. एक आई उठवायला माणसाला काय काय करावं लागतं. दहा वाजायला तीन मिनिटं होती.

अंगणात टीव्ही सुरू झाला होता. खुर्च्या बाहेर आल्या होत्या. आई ओसरीवरून उठली होती, टोपी आणि झगा उतरवून खुंटीला लावत होती. खुंटी तिला पहिल्या प्रयत्नात सापडली. मग एक हात भिंतीवर ठेवून ती चालायला लागली. झगा नव्हता, चकत्या नव्हत्या, आणि ती एकदम एवढीशी दिसायला लागली होती. पावलांचा आवाज ऐकून ती थांबली.

"अरे, तू गेला नाहीस? गाडी गेली ना आत्ता."

"गेली," भोंगेराव म्हणाले. "चल. डब्यात तुझ्यासाठी आणलंय काहीतरी. वाटेत खा."

"मी नाही येणार. शाल अर्धी आहे. आणि मला दिसतं."

बायकोनं दारात सांगितलेलं त्यांना आठवलं. आवाज चढवायचा नाही असं त्यांनी ठरवलं आणि तो चढलाही नाही.

"आई, तो टोपीवाला अजून तिथंच उभा आहे."

आई अंगणाकडे तोंड करून उभी राहिली. काकूच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता. पाहुणे असताना टीव्ही कधी लागत नसे, हे तिलाही माहीत होतं. मग हात भिंतीवरून काढून पुढे केला.

"माझी जाड चादर घे आतून," ती म्हणाली. "तुझ्या गाडीत थंडी असते म्हणतात."

एकोणीस वर्षांत ती त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. भोंगेरावांनी तिला पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि गाडी अशी काढली की घाटानंही तोंडात बोट घालावं. दोन ट्रक, एक मेंढ्यांचा कळप आणि एक बिघडलेली जीप वाटेत आडवी आली. प्रत्येकाला त्यांनी मनातल्या मनात शेलक्या शब्दांत आशीर्वाद दिले. आई डब्यातलं खात होती आणि प्रत्येक वळणावर पट्टा घट्ट धरत होती. तळं आलं तेव्हा तिनं वासानं ओळखलं. "थांबव जरा," ती म्हणाली. "सगळे थांबतात ना इथे?"

"येताना थांबू."

"सगळ्यांसाठी थांबतोस."

भोंगेरावांनी घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायला चाळीस मिनिटं होती. ते थांबले नाहीत, आणि ते त्यांना पुढे कितीतरी दिवस बोचत राहिलं.

दवाखान्याच्या खिडकीवरचा माणूस उठून कुलूप शोधत होता. भोंगेरावांनी खिडकीत हातच घातला. "बारा नाही वाजले अजून," ते म्हणाले. माणसानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नाव लिहून घेतलं. बाकावर अकरा माणसं आधी होती. दोन तास गेले.

डॉक्टर तरुण होता आणि दमलेला होता. त्यानं आईच्या डोळ्यांत थेंब टाकले, बॅटरी मारून पाहिलं, खुर्ची सरकवून पुन्हा पाहिलं. मग आईला बाहेर न पाठवताच बोलला.

"उजव्याचं आता काही होणार नाही. तो गेला आहे, मोतीबिंदू पिकून आत फुटलाय. डाव्याचं उद्या सकाळी ऑपरेशन करू. थोडं दिसेल. दोन वर्षांपूर्वी आणलं असतंत तर दोन्ही वाचले असते."

भोंगेराव हातातली चादर घट्ट धरून उभे होते.

"एकट्या राहतात का या?" डॉक्टरनं कागदावर लिहिता लिहिता विचारलं.

"वस्तीवर असतात. मी इथे खाली असतो. मुलगा."

"या परिस्थितीत माणूस भिंतीला धरून चालतं. समोरचा ओळखू येत नाही. कुणाच्याच लक्षात आलं नाही? तुम्ही यांना शेवटचं कधी बघितलंत?"

भोंगेरावांना खोटं बोलता आलं असतं. पावसाळ्यात, असं म्हणता आलं असतं, आणि डॉक्टरला ते पटलं असतं.

"परवा," ते म्हणाले.

डॉक्टरचं पेन थांबलं. त्यानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तो काही बोलणार तेवढ्यात आई खुर्चीतून आवाजाच्या दिशेनं वळली, जरा चिडूनच.

"त्याला काय बोलताय?" ती म्हणाली. "येतो की तो. आठवड्यातून तीनदा येतो. मला हॉर्न ऐकू येतो ना."